विश्लेषण : हजार अंशांवरून पाचशेवर... सिरॅमिकचा इंधनघट स्वस्त होणार का?

कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरना प्रचंड वीज हवी आहे आणि ग्रिडची नवी जोडणी मिळेपर्यंत थांबायला त्यांचे मालक तयार नाहीत. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रुकफील्ड या गुंतवणूक कंपनीने अमेरिकेतील ब्लूम एनर्जीच्या इंधनघटांसाठी पाच अब्ज डॉलरपर्यंतची गुंतवणूक जाहीर केली. हे इंधनघट, म्हणजेच फ्युएल सेल, सिरॅमिकचे आहेत. त्यांत प्लॅटिनम लागत नाही, इंधन जाळावे लागत नाही, नैसर्गिक वायूही चालतो. अडचण एकच : ते काम करण्यासाठी लालबुंद तापावे लागतात. हे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणण्यासाठी जगभरातील पदार्थवैज्ञानिक तीन दशके झटत आहेत. त्यात कोणते पदार्थ पुढे आहेत, अडते कुठे आणि भारताने पैसा नेमका कशावर घालावा?

हा घट चालतो कसा?

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल हे एक तीन थरांचे सँडविच समजा. एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये सिरॅमिकचा घट्ट थर. या मधल्या थराला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. हवेतला ऑक्सिजन हवेकडच्या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन घेऊन आयन बनतो, मधल्या थरातून पलीकडे जातो आणि तिथे हायड्रोजनशी संयोग पावून पाणी तयार करतो. सुटलेले इलेक्ट्रॉन मधल्या थरातून जाऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेने फिरून यावे लागते. तीच आपली वीज. एक घट जेमतेम पाऊण व्होल्ट देतो, म्हणून असे अनेक घट एकावर एक रचून गठ्ठा करतात. त्याला स्टॅक म्हणतात. डिझेल जनरेटरमध्ये आधी ज्वलन, मग फिरणारे इंजिन, मग वीज असा फेरा असतो. इथे तो फेराच नाही. त्यामुळे चांगल्या संयंत्रात इंधनातील ६० टक्क्यांपर्यंत ऊर्जा विजेत बदलते आणि उरलेली उष्णताही वापरता येते.

एवढे तापमान लागते कशाला?

मधला थर घन आहे आणि त्यातून आयनाला वाट काढायची आहे, म्हणून. सरकत्या आकड्यांचे कोडे आठवा. चौकटीत एक घर रिकामे असते म्हणूनच बाकीचे आकडे सरकतात. सिरॅमिकच्या स्फटिकातही तशी रिकामी घरे लागतात. झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळले की ती तयार होतात : यिट्रियमचे दोन अणू शिरले की ऑक्सिजनचे एक घर रिकामे राहते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच मिश्रणाचा दिवा बनवला होता. १९३७ मध्ये बाउर आणि प्राइस यांनी स्वित्झर्लंडमध्ये झिर्कोनियावर आधारित पहिला सिरॅमिक इंधनघट चालवला, तो सुमारे १००० अंशांवर.

पण रिकामे घर असले तरी आयनाला शेजारच्या अणूंच्या फटीतून उडी मारावी लागते आणि ती ताकद उष्णतेतून येते. तापमान उतरले की उड्या एकदम रोडावतात. झिर्कोनियाचा दहा-पंधरा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ थर घेतला, तरी पुरेशी वाहकता मिळायला सुमारे ७०० अंश लागतात. त्याखाली हा पदार्थ अडून बसतो. म्हणजे यंत्राचे तापमान ठरते ते अभियंत्याच्या पसंतीवर नव्हे, तर स्फटिकातल्या उड्यांवर.

तापमान उतरवून नेमके काय साधते?

पैसा वाचतो आणि आयुष्य वाढते. स्टॅकमधल्या दोन घटांना जोडणारी पट्टी १००० अंशांवर लँथनम क्रोमाइटसारख्या महागड्या सिरॅमिकची करावी लागते. तापमान ८०० च्या खाली आले की तिथे खास पोलाद चालते; ६०० च्या आसपास आले तर पोलादाची निवड आणखी सैल होते. वायू गळू नये म्हणून लावायची सीले, पाइप, उष्णतारोधक आवरण या सगळ्यांचा खर्च तापमानाबरोबर उतरतो. पोलादातून उडणारी क्रोमियमची वाफ हवेकडच्या इलेक्ट्रोडला निकामी करते. थंड घटात तिचे प्रमाण घटते. निकेलचे बारीक कण एकत्र येऊन जाड होण्याची क्रियाही मंदावते.

दुसरा फायदा सुरू होण्याच्या वेळेचा. सिरॅमिक घाईने तापवले तर तडकते, त्यामुळे जुन्या धाटणीचा घट कामाच्या तापमानाला आणायला कित्येक तास लागतात. सोसायटीतली वीज गेल्यावर असा घट कामाचा नाही. तो अखंड चालवायचा असतो. पोलादाच्या पत्र्यावर बसवलेला पातळ घट कमी तापमानाला लवकर तयार होतो आणि बंद-चालू होणेही अधिक सोसतो.

मग थेट ८० अंशांवरच का नाही जायचे?

तसे घट आहेत. हायड्रोजनवर चालणाऱ्या बस आणि मोटारींत पॉलिमरच्या पडद्याचे, सुमारे ८० अंशांवर चालणारे घट असतात. पण त्यांना प्लॅटिनम लागते आणि अतिशय शुद्ध हायड्रोजन लागतो. थोडासा कार्बन मोनॉक्साइडही त्यांच्या प्लॅटिनमला निकामी करतो. सिरॅमिकच्या घटात कार्बन मोनॉक्साइड हे विष नसून इंधनच आहे आणि प्लॅटिनमऐवजी निकेल चालते. म्हणून खरी सोयीची पट्टी मधली : सुमारे ४०० ते ६०० अंश. स्वस्त पोलाद टिकेल इतके थंड आणि स्वस्त निकेल काम करील इतके गरम.

सेरिया या शर्यतीत पुढे का?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ब्रायन स्टील यांनी सेरियम ऑक्साइडचा, म्हणजे सेरियाचा आग्रह धरला. त्यात गॅडोलिनियम मिसळले की जी वाहकता झिर्कोनिया ७०० अंशांना देतो, ती सुमारे ५०० अंशांनाच मिळते. याच संशोधनातून २००१ मध्ये ब्रिटनमधील सेरेस पॉवर ही कंपनी निघाली. तिचे घट पोलादाच्या पत्र्यावर बसवलेले असतात. तिच्या परवान्यावर दक्षिण कोरियाच्या दूसान कंपनीने २०२५ मध्ये वर्षाला ५० मेगावॉट क्षमतेच्या कारखान्यात उत्पादन सुरू केले. हे घट सुमारे ६२० अंशांवर चालतात.

पण सेरियात एक खोट आहे. इंधनाच्या बाजूला, हायड्रोजनच्या सान्निध्यात, तो आपला काही ऑक्सिजन सोडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉनही वाहू लागतात. ज्या इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेने जायला भाग पाडायचे, त्यांना आतूनच चोरवाट मिळते. व्होल्टेज घसरते, इंधन वाया जाते. शिवाय ऑक्सिजन सोडताना सेरिया किंचित फुगतो, त्यामुळे पातळ थराला चीर पडण्याची भीती असते. ही गळती जास्त तापमानाला वाढते. म्हणजे सेरियासाठी कमी तापमान हा नुसता फायदा नाही, ती त्याची गरज आहे.

बाकी उमेदवारांचीही हीच तऱ्हा. जपानचे तात्सुमी इशिहारा यांनी १९९४ मध्ये लँथनम गॅलेटची उत्तम वाहकता दाखवली. पण त्यात गॅलियमसारखे महाग मूलद्रव्य लागते आणि त्याची निकेलशी रासायनिक कुरबुर होते. बिस्मथ ऑक्साइड तर ऑक्सिजनच्या आयनांना वाट देण्यात सर्वांच्या पुढे. पण इंधनाच्या संपर्कात आले की त्याचे धातूत रूपांतर होते. त्यावर अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या एरिक वॉक्समन यांच्या गटाने जोडथराची कल्पना पुढे नेली : इंधनाकडे सेरिया, हवेकडे बिस्मथ ऑक्साइड. सेरिया बिस्मथला इंधनापासून वाचवतो आणि बिस्मथचा थर सेरियातली इलेक्ट्रॉनांची चोरवाट अडवतो.

नुसता मधला थर बदलून भागते का?

नाही. इथेच अनेक लोकप्रिय लेख अर्धवट थांबतात. तापमान उतरले की हवेकडचा इलेक्ट्रोड सर्वात आधी दमतो. ऑक्सिजनचा रेणू फोडणे हे जड काम आहे. जुना लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट ८०० अंशांखाली मंदावतो. त्याच्या जागी कोबाल्ट आणि लोह असलेले पदार्थ आले. २००४ मध्ये शाओ झोंगपिंग आणि सोसिना हेले यांनी बेरियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट, लोह यांच्या ऑक्साइडने ६०० अंशांना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक वॉट वीज मिळवून दाखवली आणि या क्षेत्रात खळबळ उडवली.

मात्र तो बेरियम-स्ट्रॉन्शियमचा पदार्थ हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि त्याच्या पृष्ठभागावर कार्बोनेटचा थर चढतो. कोबाल्ट असलेले इलेक्ट्रोड तापल्यावर मधल्या थरापेक्षा जवळपास दुप्पट फुगतात. वारंवार गरम-थंड झाल्यावर ते सुटून येऊ शकतात. झिर्कोनियावर थेट लावले तर स्ट्रॉन्शियम झिर्कोनेटचा वीजरोधक थर तयार होतो, म्हणून मध्ये सेरियाचा आणखी एक थर द्यावा लागतो. थोडक्यात, इथे एकट्या पदार्थाला गुण देऊन चालत नाही. शेजाऱ्यांशी त्याचे पटते का, हे पाहावे लागते.

प्रोटॉनची वाट अधिक सोपी आहे का?

ऑक्सिजनचा आयन मोठा, तर हायड्रोजनचा प्रोटॉन अगदी लहान. मग ऑक्सिजन इकडून तिकडे नेण्याऐवजी प्रोटॉनच तिकडून इकडे आणला तर? जपानच्या हिरोयासु इवाहारा यांनी १९८१ मध्ये तसे सिरॅमिक दाखवले. प्रोटॉनला उडी मारायला कमी ऊर्जा लागते, त्यामुळे ४०० ते ५०० अंशांनाही ते चपळ राहतात. शिवाय पाणी हवेच्या बाजूला तयार होते, इंधन पातळ होत नाही.

अडचण कारागिरीची आहे. बेरियम झिर्कोनेट टिकाऊ, पण तो घट्ट भाजायला सुमारे १७०० अंश लागतात आणि तेवढ्या आचेत बेरियम उडून जाते. बेरियम सेरेट सहज भाजतो, पण कार्बन डायऑक्साइडपुढे टिकत नाही. म्हणून दोघांचे मिश्रण वापरतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या गटाने सोप्या भाजणीने असे घट बनवले. ५०० अंशांना हायड्रोजनवर दर चौरस सेंटिमीटरला ४५५ मिलीवॉट मिळाले, मिथेनवर १४२. चाचण्या १,४०० तासांहून अधिक चालल्या. २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठाच्या गटाने स्कँडियम मिसळलेल्या बेरियम स्टॅनेट आणि बेरियम टायटनेटमध्ये ३०० अंशांनाच उपयोगी पडेल एवढी प्रोटॉन वाहकता दाखवली. हे यश मधल्या थराच्या पदार्थाचे आहे. त्यावर संपूर्ण घट आणि मग स्टॅक उभा करणे ही पुढची पायरी.

विक्रमी आकडे कसे वाचावेत?

तीन प्रश्न विचारून. पहिला, घट केवढा होता? प्रयोगशाळेतला घट अनेकदा नाण्याएवढा असतो. तळहाताएवढ्या पत्र्यावर तोच थर एकसारखा, बिनचिरीचा बसवणे हे वेगळेच काम.

दुसरा, इंधन कोणते? वरचेच आकडे पाहा : हायड्रोजनवरून मिथेनवर गेले की वीज एक तृतीयांशाहून खाली आली. कमी तापमानाला मिथेन फोडणे निकेलला जड जाते. आणखी एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. इंधनातले गंधक निकेलला चिकटते आणि तापमान जितके कमी तितके ते घट्ट चिकटते. म्हणजे घट थंड केला की इंधन आधीपेक्षा जास्त शुद्ध करावे लागते. एका खिशात वाचलेला पैसा दुसऱ्या खिशातून जाऊ शकतो.

तिसरा आणि सर्वात महत्त्वाचा, किती तास चालला? स्थिर वीजनिर्मितीसाठी ४०,००० तास हा या उद्योगात नेहमी सांगितला जाणारा पल्ला आहे. म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक अखंड काम. दर १,००० तासांना एक टक्का घसरण ऐकायला किरकोळ वाटते, पण ४०,००० तासांत ती ४० टक्के होते. हीच घसरण ०.२ टक्के असेल तर आठ टक्क्यांवर थांबते. विक्रम एका दुपारी होतो. टिकाऊपणा सिद्ध करायला वर्षे लागतात आणि त्याची बातमी होत नाही.

कच्च्या मालाचा फास कुठे आहे?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. चर्चा झाली ती मोटारींच्या चुंबकांची. पण ती यादी पुन्हा वाचा : समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यिट्रियम. यातली चार नावे, म्हणजे यिट्रियम, स्कँडियम, गॅडोलिनियम आणि समेरियम, झिर्कोनिया आणि सेरियात मिसळली जाणारी आहेत. रिकामी घरे तयार करणारी हीच मूलद्रव्ये.

भारताची बाजू इथे पूर्ण कमकुवत नाही. केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आहे आणि त्यात सर्वाधिक वाटा सेरियमचा, लँथनमही भरपूर. त्याच वाळूतून झिरकॉन, म्हणजे झिर्कोनियमचे खनिज मिळते. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने हे काम अणुऊर्जा विभागाच्या आयआरईएल कंपनीकडे आहे. भारतीय मोनाझाइटमध्ये जड मूलद्रव्ये तुटपुंजी आहेत, हे खरे. पण समेरियमचे काम आपण सुरू केले आहे : त्याच्या चुंबकांचा आयआरईएलचा प्रकल्प २०२३ मध्ये विशाखापट्टणमला राष्ट्राला अर्पण झाला. आणि समेरियम मिसळलेला सेरिया हा गॅडोलिनियमवाल्या सेरियाच्या तोडीचा मानला जातो. म्हणजे कमी तापमानाच्या घटाची मुख्य माती आपल्या किनाऱ्यावर आहे. उणीव आहे ती तिला अतिशुद्ध, एकसारख्या बारीक पुडीचे रूप देणाऱ्या उद्योगाची.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

पुण्याच्या थरमॅक्सने सप्टेंबर २०२४ मध्ये सेरेसशी परवाना करार केला. तो इंधनघटाचा नव्हे, तर उलट दिशेने चालणाऱ्या यंत्राचा आहे. याच सिरॅमिकला बाहेरून वीज आणि वाफ दिली की ते हायड्रोजन बनवते. कारखान्यात वाया जाणारी उष्णता वाफेसाठी वापरली तर विजेची बचत होते. पोलाद, खत, शुद्धीकरण उद्योगांना याचे आकर्षण म्हणूनच आहे. उलट चालण्याचा हा गुण मंगळावरही पारखला गेला आहे : नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरील मॉक्सी या उपकरणाने अशाच घटांतून तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला.

दुसरा धागा साखर कारखान्यांचा. प्रेसमड आणि मळीपासून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये मिथेन असते आणि सिरॅमिकचा घट तो थेट वीज करू शकतो. पण त्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो. गंधकाचा वर सांगितलेला त्रास इथे थेट लागू होतो. त्यामुळे आपल्याकडे चांगला गंधकशोषक आणि गंधक सोसणारा इलेक्ट्रोड यांचे संशोधन परदेशातील विक्रमापेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

मग पैसा कशावर घालायचा?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातले १७,४९० कोटी उत्पादन आणि इलेक्ट्रोलायझरच्या प्रोत्साहनासाठी, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी आणि संशोधनासाठी ४०० कोटी. म्हणजे शंभरातले दोन रुपये. परवाना घेऊन कारखाना लवकर उभा राहतो, हे खरे आणि गरजेचेही आहे. पण परवान्यासोबत पदार्थांचे ज्ञान पूर्णपणे येत नाही आणि भागीदाराचे धोरणही बदलू शकते. सेरेसचा मोठा भागीदार असलेल्या जर्मनीच्या बॉशने २०२५ च्या सुरुवातीला या इंधनघटांतून अंग काढून घेतले, हे ताजे उदाहरण आहे.

कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने या घटांवर दीर्घकाळ काम केले आहे. अशा संस्थांना आणखी एका दालनाच्या उद्घाटनापेक्षा दोन गोष्टींची गरज आहे. एक, किनाऱ्यावरच्या वाळूपासून घटात वापरता येईल अशा सेरिया आणि झिर्कोनियाच्या पुडीपर्यंतची साखळी. दोन, १०,००० आणि ४०,००० तास अखंड चालणारी, भारतीय वायू, भारतीय धूळ आणि भारतीय भारनियमन सोसणारी चाचणी केंद्रे, ज्यांचे निकाल उद्योगांना खुले असतील. दुसरे काम कंटाळवाणे आहे आणि मंत्र्यांच्या कार्यकाळात बसत नाही. नेमके म्हणूनच ते सरकारने करायला हवे. खासगी कंपनी पाच वर्षे एका घटाकडे पाहत बसणार नाही.

तापमान उतरले की किंमत उतरेल, हे पूर्ण खरे नाही. तापमान उतरल्यावर जे पदार्थ एकमेकांशी नांदतील, ते ज्याला घरी बनवता येतील, त्याच्यासाठीच किंमत उतरेल. बाकीच्यांसाठी फक्त आयातीच्या यादीतले नाव बदलेल. आज आपण सौर पॅनेलचे घट आणि बॅटरीचे घट मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. सिरॅमिकच्या घटाबाबत तो धडा गिरवायचा की बदलायचा, याचे उत्तर त्या शंभरातल्या दोन रुपयांत आहे.